व्यत्ययाची नोंद: कुलाब्याच्या वेधशाळेपासून ब्राउझरच्या लॉगपर्यंत

पनवेल शहराला लागून, नव्या विमानतळाच्या बाजूला सिडकोने वसवलेला करंजाडे हा नवी मुंबईतील तुलनेने तरुण नोड आहे. साडेबारा टक्के योजनेत प्रकल्पग्रस्तांना मिळालेले भूखंड, त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती आणि विमानतळासाठी हललेल्या गावांचे वडघर-करंजाडे भागात झालेले पुनर्वसन, एवढाच त्याचा अलीकडचा इतिहास सहसा सांगितला जातो. मात्र पनवेलच्या दुसऱ्या अंगाला, नवीन पनवेलमध्ये कळंबोली महामार्गालगत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे आणि या संस्थेकडे वारशाने आलेली नोंदींची परंपरा १८४१ पर्यंत मागे जाते. यंत्राची अखंड नोंद ठेवणे, तीत वारंवार उमटणाऱ्या व्यत्ययाचे मूळ शोधणे आणि नोंद न थांबवता तो व्यत्यय वेगळा काढणे, ही संगणक दुरुस्तीत आज रोजची झालेली पद्धत आहे. टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक चालू होण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी ती रायगडच्या किनाऱ्यावर अमलात आली होती. ब्राउझरमुळे सिस्टिम लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्रुटींचा इतिहास या परंपरेच्या संदर्भात पाहिला, तर त्रुटीचा संदेश आणि त्रुटीचे कारण यांतील अंतर नीट लक्षात येते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली ती खगोलीय वेध घेण्यासाठी आणि वेळेची अचूक नोंद ठेवण्यासाठी. १८४१ पासून तेथे हवामानाची आणि भूचुंबकत्वाची मापने सुरू झाली व त्या कामाची सूत्रे एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता ठरावीक वेळांनी टिपणे असे या नोंदीचे स्वरूप होते. आरंभी निरीक्षक ही मापने डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत आणि १८७२ पासून प्रकाशसंवेदी कागदावर अखंड रेघ उमटवणारी उपकरणे आली. २ सप्टेंबर १८५९ रोजी, सौर वादळाच्या वेळी, कुलाब्याच्या निरीक्षकांनी क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली. नेहमीच्या चढउतारांच्या मानाने हा आकडा इतका मोठा होता की उपकरणच बिघडले असावे असे कोणालाही वाटले असते. पण तो वगळला गेला नाही, आणि म्हणूनच २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज त्याच नोंदीवरून बांधता आला.

या परंपरेवर खरे संकट आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या आणि त्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा रुळांतून व जमिनीतून वाहणारा प्रवाह कुलाब्याच्या संवेदनशील उपकरणांवर परिणाम करणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी त्यासाठी अलिबागची जागा निवडली आणि चुंबकीय द्रव्यापासून मुक्त अशा पोरबंदरी दगडाची वास्तू तेथे उभी राहिली. कुलाब्याचे काम लगेच बंद करून अलिबागचे सुरू करणे सोपे होते, पण मूस यांनी तसे केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून दोन स्थळांतील कायमचा फरक कळावा आणि जुनी व नवी मालिका सलग जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तोवर ही जोडणी पूर्ण झाली होती. जेथे व्यत्यय आहे आणि जेथे तो नाही अशा दोन जागांच्या नोंदी समोरासमोर ठेवणे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

संगणकाच्या युगात नोंद ठेवण्याचे काम यंत्राने स्वतःकडेच घेतले. पुढे कुलाब्याच्याच टोकाशी स्थिरावलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशात रचलेला व बांधलेला संगणक कार्यान्वित झाला. त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर काय घडले हे प्रामुख्याने चालकाच्या वहीत आणि चालकपटावरील टंकयंत्राच्या कागदावर राही. एका यंत्रावर अनेक कार्यक्रम एकाच वेळी चालू लागले, तेव्हा प्रत्येकाने आपापली वही ठेवण्याची रीत अपुरी पडली. १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालवाहक कार्यक्रमासाठी सिसलॉग ही व्यवस्था रचली आणि तीच युनिक्स घराण्यातील प्रणालींची सामाईक नोंदवही झाली. तिच्यात प्रत्येक संदेशाला शून्य ते सात अशी पायरी असते: शून्य म्हणजे यंत्र निकामी होण्याजोगी आणीबाणी, तीन म्हणजे त्रुटी, चार म्हणजे इशारा, सात म्हणजे केवळ तपासनिसाच्या उपयोगाचा तपशील. विंडोज एनटीने १९९३ मध्ये याच गरजेतून इव्हेंट लॉग आणला व त्यात सिस्टिम, ॲप्लिकेशन आणि सिक्युरिटी असे तीन विभाग ठेवले.

ब्राउझर या नोंदवहीत फार उशिरा शिरला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईतील अनेक ग्राहकांकडे शेल खाते असे. त्यात डायल-अप करून दूरच्या यंत्रावर प्रवेश मिळे आणि लिंक्ससारख्या ब्राउझरमधून निव्वळ मजकूर वाचता येई. असा ब्राउझर पान मागवणे आणि दाखवणे यापलीकडे काही करत नसे, त्यामुळे त्याच्या चुका उमटत त्या मुख्यतः पान पुरवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये. या काळातील सर्वांत बोलके उदाहरण मार्च १९९९ मधील आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत वाचकाने एखादे पान आवडीच्या यादीत टाकले की ब्राउझर त्या संकेतस्थळाकडे फॅव्हआयकॉन नावाची छोटी चित्रफाइल आपणहून मागू लागला. ज्यांनी अशी फाइल ठेवलीच नव्हती त्यांच्या लॉगमध्ये ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही, या ओळींची रांग लागली. पुढे इतर ब्राउझर ती फाइल आवडीच्या यादीची वाट न पाहता मागू लागले आणि ही रांग वाढतच गेली. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी दोन मार्ग काढले: काहींनी ती फाइल ठेवून दिली, तर काहींनी त्या मागणीची नोंदच बंद केली. येथे सर्व्हर बिघडलेला नव्हता आणि वाचकाने चुकीचा पत्ताही टाकलेला नव्हता. ब्राउझरच्या एका नव्या सवयीने ही त्रुटी जन्माला घातली होती.

यानंतरच्या दशकात ब्राउझरचे रूपच पालटले. जावास्क्रिप्ट, चित्रफिती, आवाज, कॅमेरा आणि ग्राफिक्स कार्डाचा थेट वापर यांमुळे परक्या ठिकाणाहून आलेला कार्यक्रम वापरकर्त्याच्या यंत्रावर चालवणे हेच त्याचे मुख्य काम झाले. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने काम वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागून पान दाखवणाऱ्या प्रक्रियांना सँडबॉक्समध्ये, म्हणजे मोजकेच अधिकार असलेल्या बंदिस्त कप्प्यात, ठेवले आणि फायरफॉक्सनेही २०१६-१७ मध्ये तीच वाट धरली. लिनक्समध्ये याच्या जोडीला ॲपआर्मरसारखी व्यवस्था होती, जी कोणत्या कार्यक्रमाने कोणती फाइल उघडावी याचे नियम स्वतंत्रपणे राबवते आणि नियम मोडला की कर्नलच्या लॉगमध्ये ओळ लिहिते. ऑक्टोबर २०२१ च्या उबुंटू आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त स्वरूपात दिला जाऊ लागला, तेव्हा अशा ओळी असंख्य वापरकर्त्यांच्या दृष्टीस पडल्या.

त्यांतील एक ओळ जवळून पाहण्याजोगी आहे. तिच्यात आरंभी ॲपआर्मरचे नाव व 'डिनाइड', म्हणजे परवानगी नाकारली, हा शब्द येतो. पुढे 'ओपन' ही कृती, स्नॅपमधील फायरफॉक्सचे नियमपत्र आणि त्यानंतर एफस्टॅब या फाइलचा मार्ग असतो, जिच्यात डिस्कचा कोणता भाग कोठे जोडायचा हे लिहिलेले असते. ब्राउझरने ती फाइल वाचायला मागितली आणि पहारेकऱ्याने नकार दिला, एवढाच या ओळीचा अर्थ आहे. ब्राउझरचे काम त्यावाचून अडत नाही, डिस्कला काही झालेले नसते आणि नियम जसा राबायला हवा तसाच राबलेला असतो. दुसरे उदाहरण आरटीकिट या सेवेचे आहे. आवाज अडखळू नये म्हणून ब्राउझर आपल्या ध्वनीच्या धाग्यांसाठी, म्हणजे प्रक्रियेच्या आत समांतर चालणाऱ्या कामांसाठी, अग्रक्रम मागतो, तो आरटीकिट देते आणि इतक्या धाग्यांवर आपली देखरेख चालू असल्याचे दर वेळी लिहिते. लॉगमध्ये नाव आरटीकिटचे दिसते, म्हणून नवखा माणूस त्या सेवेत दोष शोधत बसतो, आणि मागणी करणारा ब्राउझर मात्र त्या ओळीत कोठेही नसतो.

विंडोजमध्येही असाच अनुभव येतो. इंटरनेट एक्सप्लोरर सुरक्षित जोडणीसाठी प्रणालीचाच एसचॅनल हा घटक वापरत असल्याने, पलीकडच्या सर्व्हरने जोडणी नाकारली की सिस्टिम लॉगमध्ये ३६८८७ क्रमांकाची त्रुटी उमटे. फायरफॉक्स त्यासाठी स्वतःचा वेगळा संच वापरतो, म्हणून तेच संकेतस्थळ त्यातून उघडले तर तशी ओळ येत नसे. एकाच संकेतस्थळासाठी दोन ब्राउझर चालवून दोन नोंदी ताडल्या की दोष प्रणालीत आहे की पलीकडच्या सर्व्हरच्या जोडणीत, हे ठरवता येई. कुलाबा आणि अलिबाग यांच्यामधली तुलना येथे नव्या साधनांनी झाली, एवढाच फरक.

या इतिहासातून निदानाचा क्रम निघतो. प्रथम कोणती ओळ किती वेळा आणि कोणत्या पायरीची येते ते मोजावे, कारण सातव्या पायरीच्या हजार ओळींपेक्षा तिसऱ्या पायरीची एक ओळ महत्त्वाची ठरू शकते. ब्राउझर बंद केल्यावर ओळी थांबतात का, हे घड्याळाशी ताडावे. नंतर ब्राउझरची नवी, कोरी प्रोफाइल उघडून जुनीशी तुलना करावी, एक्स्टेन्शने एकेक करून बंद करावीत, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी असतील तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन थांबवून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. ओळ निरुपद्रवी ठरली तर तेवढीच गाळणीतून वगळावी. ॲपआर्मर किंवा सँडबॉक्सच बंद करणे मात्र चूक ठरते, कारण त्यात संदेशाबरोबर संरक्षणही जाते. आणखी एक धोका ध्यानात ठेवावा लागतो: जर्नलडी ही लिनक्समधील नवी नोंदव्यवस्था एखाद्या सेवेने अल्पावधीत फार ओळी लिहिल्या तर पुढच्या ओळी गाळते, त्यामुळे क्षुल्लक ओळींच्या पुरात त्याच सेवेची खरी त्रुटी हरवू शकते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात आणि सायबर कॅफेच्या काळात घडलेल्या दुरुस्तीच्या धंद्याने मात्र याहून जलद उपाय रूढ केला. नवी मुंबईतील दुकानांतही ग्राहकाला 'फॉरमॅट मारून देतो' हे उत्तर अजून ऐकायला मिळते. त्याने यंत्र दुसऱ्या दिवशी हाती पडते खरे, पण जुनी नोंद पुसली जाते. आणि ब्राउझर, त्याची एक्स्टेन्शने व सवयी पुन्हा त्याच बसवल्या जात असल्याने तीच ओळ काही दिवसांत परत येते. ज्या तालुक्यात भूचुंबकत्व संस्थेने पावणेदोनशे वर्षांच्या नोंदींचा वारसा सांभाळला आहे, तेथल्या कारागिराने आणि ग्राहकाने तरी आधी लॉगची प्रत काढून ठेवावी, ओळ लिहिणारा कोण आणि लिहायला लावणारा कोण हे वेगळे करावे, आणि फॉरमॅटचा विचार त्यानंतरच करावा.