बालाघाटच्या छोट्या लाईनवरची इंजिने

गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाईन बंगाल नागपूर रेल्वेने बांधली. ती 1903 ते 1905 या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. दोन रुळांमधले अंतर अवघे 2 फूट 6 इंच होते. या लाईनवरच्या इंजिनांचा इतिहास जुळवायचा, तर हाताशी असतात वर्गवारीची कोष्टके, कारखान्यांच्या धातूच्या पट्ट्या आणि जुनी छायाचित्रे. त्यांतला एकही पुरावा एकटा पुरत नाही.

आधी पट्टी घेऊ. ‘सीसी’ वर्गाच्या इंजिनांवर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचे नाव आढळते. ही कंपनी 1903 साली तीन कारखाने एकत्र येऊन निघाली, तेव्हा त्याआधीचे ‘सीसी’ असणे शक्य नाही. कोष्टकेही 1907 च्या आसपासच बोट ठेवतात. मात्र दुरुस्तीत बॉयलर बदलतात, सुटे भाग एका इंजिनावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून केवळ पट्टी पाहून इंजिनाचे वय ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

‘झेडई’ वर्गाचे नावच बोलके आहे. ‘सीसी’ ही अक्षरे रेल्वे कंपनीची स्वतःची. ‘झेड’ मात्र 1920 च्या दशकात देशभरासाठी आखलेल्या प्रमाण आराखड्यांतले, 2 फूट 6 इंची गेजचे अक्षर. ‘सीसी’ला सहा जोडचाके, ‘झेडई’ला आठ. वजन जास्त आसांवर विभागले गेले की हलके रूळही ते पेलतात आणि ओढही वाढते. लामटा-नैनपूरकडच्या जंगलातल्या चढांवर मालगाडी न्यायला हे हवेच होते. बालाघाट हा मँगनीजचा मुलूख, आणि छोट्या लाईनने आलेला माल गोंदियाला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. स्वातंत्र्यानंतरची ‘झेडई’ इंजिने म्युनिकच्या क्राउस-माफाई, फ्रान्सच्या कॉर्पे-लुव्हे आणि जपानच्या कावासाकी कारखान्यांतून आली.

छायाचित्राची तारीख ठरवायला मालकी उपयोगी पडते. बंगाल नागपूर रेल्वे 1944 साली सरकारने घेतली, पण नाव 1952 पर्यंत टिकले. मग पूर्व रेल्वे, 1955 पासून दक्षिण पूर्व. टेंडरवर ‘बी.एन.आर.’ दिसले म्हणून चित्र कंपनीच्याच काळातले, असा निष्कर्ष काढणारे इथे फसतात.

1970 च्या दशकातल्या नैनपूरच्या चित्रांत दोन्ही वर्ग दिसतात. नवे आले म्हणून जुने लगेच भंगारात गेले नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.