ससा, पाळीव : परदेशप्रवास

पाळीव सशाला एका देशातून दुसऱ्या देशात नेणे किंवा तिकडून आणणे. कुत्र्या-मांजरांसाठी ही वाट आता बरीच मळलेली आहे : लस, चिप, रक्तचाचणी, दाखला, तिकीट. सशासाठी तशी एकच एक वाट नाही. एखादा देश त्याला घरातला सोबती मानतो, दुसरा रोगाचा संशयित, तिसरा शेतीचा शत्रू. आणि दार उघडायचे की नाही ते त्यावर ठरते. मुंबईकर सशाची अडचण आणखी वेगळी. त्याला बाहेर पडता येते, परत येणे मात्र जवळपास अशक्य असते.

पाळीव ससा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा प्राणी. त्याची पिल्ले आंधळी आणि केसांविना जन्मतात. आपल्या माळरानावरचा ससा (लेपस निग्रिकॉलिस) बीळ करत नाही आणि त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. या रानसशाला १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. तो पाळताही येत नाही, तेव्हा परदेशी नेण्याचा प्रश्नच नाही. नुसते ‘ससा’ म्हटल्याने दोघांत फरक होत नसल्यामुळे आरोग्य दाखल्यावर शास्त्रीय नाव लिहून घेणे शहाणपणाचे.

गिरगाव, दादर, लालबाग या भागांत ससा घरात येतो तो बहुधा पोराच्या हट्टापायी, आणि बऱ्याचदा क्रॉफर्ड मार्केटातून. १८६९ साली उघडलेल्या या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. तिथल्या प्राण्यांच्या गल्लीत ससे जोडीने विकतात. जोडी नर-मादी निघाली तर गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा, त्यामुळे पिंजरा लवकरच अपुरा पडतो. चाळीत हा पिंजरा गॅलरीत कठड्याला लागून असतो. दुपारचे ऊन आणि लालबागला गणपतीच्या दिवसांतले ढोल-फटाके दोन्ही सशाला सोसत नाहीत. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. दहाव्या वर्षी ससा मागणारे मूल व्हिसाच्या रांगेत उभे राहते तेव्हा ससा अजून घरात असतो, आणि परदेशप्रवासाचा विषय निघतो तो असा.

परळ हे या विषयाचे मुंबईतले जुने ठाणे. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी मुंबईची संस्था १८७४ची. तिचे परळचे पशुरुग्णालय दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने ओळखले जाते. शेजारचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चे. आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात मोडते. ससा निरोगी असल्याचा पहिला दाखला नोंदणीकृत पशुवैद्य देतो. देशाबाहेर चालतो तो मात्र केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन विभागाचा दाखला, आणि तो प्रवासाच्या अगदी तोंडावर प्राणी तपासून दिला जातो. त्यात काय लिहायचे हे ज्या देशात जायचे तो देश सांगतो. म्हणून कामाला उलट्या टोकाने लागावे : आधी तिकडचा परवाना, मग विमान कंपनीचा होकार, मग इकडचा दाखला. तिकीट आधी काढणारे फसतात.

बहुतेक कागदांच्या मुळाशी रेबीजची भीती आहे. सशाला रेबीज क्वचितच होतो, पण त्याच्यासाठी मान्यताप्राप्त लस बहुतेक देशांत नाही. त्यामुळे कुत्र्याला मिळणारी सुटका त्याला मिळत नाही. ब्रिटनचे उदाहरण घ्यावे. मुंबईचा कुत्रा लस टोचून, रक्तचाचणी करून, तीन महिने घरीच थांबून क्वारंटाइनविना लंडनला उतरू शकतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या सशाला आधी आयात परवाना लागतो आणि नंतर चार महिने सरकारमान्य क्वारंटाइन केंद्रात काढावे लागतात, तेही मालकाच्या खर्चाने. यातली गंमत अशी, की १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला जी रेबीज लस टोचली ती रोग दिलेल्या सशांचेच मज्जारज्जू वाळवून केलेली होती. लशीसाठी ज्याचा कणा लागला, त्याच्याच वाट्याला लस नाही.

युरोपीय संघाच्या २०१३च्या नियमावलीने सोबतीच्या प्राण्यांची दोन गटांत विभागणी केली. कुत्रा, मांजर आणि फेरेट पहिल्या गटात, ससा दुसऱ्यात. आणि दुसऱ्या गटाचे आरोग्यनियम बरेचसे त्या त्या देशावर सोडले. म्हणजे जर्मनीची माहिती फ्रान्सला चालेल असे धरून चालू नये. अमेरिकेत केंद्रीय पातळीवर पाळीव सशाला फारसा अडथळा नाही, राज्यांचे नियम मात्र स्वतंत्र. कॅनडा अमेरिकेतून आलेला ससा सहज घेतो, इतर देशांतून येणाऱ्याला आधी परवाना मागतो. रेबीजखेरीज दुसरी धास्ती सशांच्या रक्तस्रावी रोगाची. हा विषाणू १९८४ साली चीनमध्ये प्रथम आढळला, त्याचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये. २०२० मध्ये तो अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील राज्यांत पसरला. युरोपात त्यावर लस टोचतात, आपल्याकडे ती सहसा मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाचा विषयच वेगळा. १८५९ साली व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्क येथे थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले चोवीसेक ससे मोकळे सोडले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांच्या संततीने खंडाचा मोठा भाग व्यापला. कुरणे उजाड झाली. न्यू साउथ वेल्स सरकारने उपायासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस लावले, तेव्हा पाश्चर यांनी आपला भाचा आद्रिएँ ल्वार याला १८८८ साली सिडनीला धाडले. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू सशांत पसरवायची ती योजना होती. ती मान्य झाली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडवण्यासाठी लांबच लांब कुंपण घातले, ससे त्याआधीच पलीकडे पोचले होते. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस रोग मुद्दाम सोडण्यात आला, १९९६ मध्ये रक्तस्रावी रोगाचा विषाणू. अशा देशाने परक्या सशाला दार उघडावे अशी अपेक्षाच चुकीची. पाळीव ससा तिथे फक्त न्यूझीलंडहून जाऊ शकतो, आणि क्वीन्सलंड राज्यात तर घरात ससा पाळणेच गुन्हा आहे. परवाना मिळतो तो संशोधकाला किंवा जादूगाराला. मेलबर्नला निघालेल्या दादरच्या कुटुंबाने या बाबतीत एजंटाला पैसे देऊ नयेत.

विमान कंपनी हा तिसरा पक्ष. केबिनमध्ये प्राणी घेणाऱ्या अनेक कंपन्यांच्या यादीत कुत्रा-मांजर असते, ससा नसतो. मग तो कार्गोने जातो. पेटी कशी असावी हे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांत दिलेले असते. एप्रिल २०१७ मध्ये लंडनहून शिकागोला नेलेला सायमन नावाचा कॉन्टिनेंटल जायंट जातीचा दहा महिन्यांचा ससा तिथल्या विमानतळावर मरण पावला आणि कार्गोतल्या सशांचा प्रश्न जगभर गाजला.

प्रवासात सशाचा खरा वैरी म्हणजे उपास. ससा ओकू शकत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू असावे लागते. उलटी होईल म्हणून प्रवासाआधी उपाशी ठेवायची घरगुती रीत त्याच्या जिवावर बेतते. झोपेचे औषधही देऊ नये. पेटी कडक प्लास्टिकची हवी. कापडी पिशवी तो दातांनी फाडतो, कारण त्याचे दात जन्मभर वाढत असतात. तळाला ओल शोषणारे कापड, त्यावर मूठमूठ सुके गवत. पाण्याची वाटी हिंदकळते, म्हणून बाटली टांगावी आणि वर धुतलेली कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला ठेवावा. लसूणघास भरमसाट देऊ नये, त्यात कॅल्शियम फार. उतरण्यापूर्वी उरलेला पाला टाकून द्यावा. परक्या देशाच्या कस्टम्सला हिरवे पान चालत नाही. लेंड्यांवर नजर असावी. त्या बारीक, कोरड्या झाल्या किंवा थांबल्याच, तर पहिल्या थांब्यावर पशुवैद्य गाठावा. तिशीच्या पुढच्या तापमानात उष्माघाताचा धोका असतो. सशाला माणसासारखा घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो. कान तापलेले लागले तर ओल्या फडक्याने पुसावेत. सहारहून बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ते सशाच्या पथ्यावर पडते.

परतीचा मुद्दा राहिला. परदेशात दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला सामानासोबत दोन पाळीव प्राणी आणण्याची सवलत आहे, पण ती कुत्रा आणि मांजर यांच्यापुरती. सशासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना लागतो (चर्चगेटच्या निष्ठा भवनात त्याची मुंबई कचेरी आहे), शिवाय १८९८च्या पशुधन आयात अधिनियमाखालची क्वारंटाइनची परवानगी. घरगुती सशासाठी इतका खटाटोप कोणी फारसे करत नाही. गंमत म्हणजे २०१८च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत ‘पाळीव प्राणी’ या व्याख्येत ससा कुत्र्या-मांजराच्या पंगतीला बसवला आहे. दुकानात पाळीव आणि विमानतळावर परका, हे एकाच सरकारचे दोन कागद.

साहजिकच बहुतेक ससे आजोळी किंवा शेजाऱ्यांकडे राहतात. जोडी एकमेकांना सरावलेली असेल तर फोडू नये, नसबंदी आधी करून घ्यावी, नव्या घरी पहिले काही दिवस जुनेच खाणे द्यावे. बागेत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ‘मोकळा’ सोडणे हा उपाय नव्हे. पिंजऱ्यात वाढलेल्या पांढऱ्या सशाला तिथे ना लपता येते ना अन्न शोधता येते, आणि प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत टाकून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे.