जवसाच्या धाग्यापासून ऑनलाइनपर्यंत

आज आम्ही तुमच्याशी बोलतोय पवईहून. पवई म्हणजे मुंबईच्या उपनगरातला तलावाकाठचा भाग. एकीकडे आयआयटी, दुसरीकडे उंच उंच इमारती आणि टेकडीच्या उतारावर आमच्या वस्त्या. आमच्यातल्या कितीतरी जणी लग्न होऊन गावाकडूनच इथे आल्या, तेव्हा तुम्ही काही आम्हाला परक्या नाही.

मागच्या बैठकीत एक जण उशिरा आली. धापा टाकत म्हणाली, "लाइन फुटली म्हणून नळाला पाणी नाही, टँकरला ही मोठी लाइन, आणि तिथं तीन तास गेले तोवर ऑनलाइन फॉर्मची वेळ संपली." आधी सगळ्या हसलो. मग लक्षात आलं, एकाच दमात तिनं 'लाइन' तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आजींनाही तो बरोबर कळला. मग ठरवलं, या शब्दाचं माहेर शोधायचं.

माहेर निघालं आपल्या ओळखीचं. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडातून सूत निघतं. त्या सुताच्या कापडाला लिनन म्हणतात. जुन्या लॅटिन भाषेत जवसाला 'लिनुम' आणि त्याच्या दोरीला 'लिनेआ' म्हणत. त्यावरून इंग्रजीत 'लाइन' आला. म्हणजे लाइन मुळात ताणून धरलेली दोरी. आपला गवंडी ओळंबा सोडतो, मिस्त्री पाया आखताना दोरी धरतो, तेच हे. दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, आणि मग काय, अर्थाला अर्थ फुटत गेले.

आपल्याकडे हा शब्द रुळला तो रुळांबरोबरच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि रेल्वेची लाइन आली. आजही मुंबईत कुणी नवं भेटलं की पहिला प्रश्न, "कुठल्या लाइनला राहता?" सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर. आम्ही पवईकर मधल्या मधे. कांजूरमार्गला जा नाहीतर अंधेरीला, लाइन गाठायला आधी बस लागतेच.

दुसरी लाइन आली पाण्याची, आणि तिची सुरुवात आमच्या शेजारी झाली. १८५४ साली मुंबईत पाण्याचे फार हाल झाले. म्हणून मिठी नदीवर विहारचा तलाव बांधायला घेतला. तो १८६० मध्ये पुरा झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. पुढे १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. आमचा पवईचा तलावही त्याच घाईत, १८९१ च्या सुमाराला, पाण्यासाठीच बांधला. पण त्याचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. लोक फोटो काढायला येतात, तो तलाव हाच. तानसाच्या माणसाएवढ्या जाड पाइपलाइनी आमच्या भागातून शहराकडे जातात. पाइपाला टेकून बसलं तर आतून पाणी वाहताना ऐकू येतं. त्याच्या कडेला राहणाऱ्या बायका मात्र वर्षानुवर्षं हंडे घेऊन दुसरीकडे गेल्या.

का, तर तिथंही एक लाइन होती, तारखेची. अमुक तारखेच्या आधीची झोपडी असेल तर नळ, नंतरची असेल तर नाही. पाणी हक्क समितीनं याविरुद्ध दाद मागितली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की झोपडी २००० सालानंतरची आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्याच्या कितीतरी आधी, आरेच्या जंगलापलीकडे गोरेगावात, मृणालताई गोरे बायकांना घेऊन पाण्यासाठी भांडल्या. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत. ज्या नळावर आज कुणी सहज बादली लावते, त्यामागे अशा कितीतरी जणींच्या खेपा आहेत.

आता रांगेचं. गंमत म्हणजे विलायतेत रांगेला लाइन म्हणत नाहीत, 'क्यू' म्हणतात, आणि फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ शेपूट! आपण लाइनच पत्करली. १९४३ साली, महायुद्धात, मुंबईत रेशन सुरू झालं. रेशनची लाइन, रॉकेलची लाइन, पुढे गॅसची. लाइनमध्ये उभं राहायचं काम घरात कुणाचं, हे काही सांगायला नको. स्वतः उभं राहता आलं नाही तर आम्ही हंडा ठेवतो, पिशवी ठेवतो, आणि भांडण झालं की "हा हंडा माझा" म्हणून पुढे होतो.

पोलीस लाइन, नागपूरची सिव्हिल लाइन्स, हे इंग्रजांच्या छावणीतून आलं. शिपायांची घरं ओळीनं बांधत, त्याला लाइन्स म्हणत. साहेबांची वस्ती अर्थातच वेगळी. धंद्यालाही लाइन म्हणतात, "पोरगा कुठल्या लाइनला आहे?" आणि पोरं मारतात ती लाइन तुम्हाला माहीतच आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

एक लाइन मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तीच सगळ्यांत भारी. बीपीएलमधला शेवटचा 'एल' म्हणजे लाइनच, दारिद्र्यरेषा. १९६२ साली दिल्लीत एका गटानं ठरवलं, माणशी महिन्याला २० रुपये ही किमान गरज. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पोटाला लागणाऱ्या अन्नाचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, असा तो आकडा. हिशेब पोटाचा होता, त्यात चूक नाही. पण पुढे त्याच रेघेच्या याद्या झाल्या. २००२ च्या ग्रामीण पाहणीत १३ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. घर कसलं, अंगावरचे कपडे किती, दिवसातून किती वेळा जेवता. बेरीज कमी तर यादीत, एका गुणानं जास्त तर बाहेर. आमच्यातल्या एकीच्या आईनं कपड्यांच्या प्रश्नाला लाजेपोटी आकडा वाढवून सांगितला. दारात चार माणसं उभी असताना "दोनच लुगडी आहेत" असं तोंडातून निघेना. घर रेघेच्या वर गेलं. नंतर ती आयुष्यभर म्हणत राहिली, "मी एक लुगडं जास्त सांगितलं."

आता ऑनलाइन. यात तरी लाइन नसेल असं वाटलं होतं. पण अंगठा उमटेना, सर्व्हर चालेना, म्हणून केंद्राबाहेर ऑनलाइनसाठीच लाइन लागते. एक मात्र चांगली लाइन लक्षात ठेवा, १८१, महिलांची हेल्पलाइन. घरात मारहाण झाली, रात्री-अपरात्री अडचण आली, तर फिरवा.

तुमच्या गावात कशाकशाला लाइन म्हणतात, आणि यादीच्या वेळी तुमच्या घरात काय बोलणं झालं, ते आम्हाला लिहून पाठवा. आता थांबतो. आमच्याकडे पाणी यायची वेळ झाली, हंडे लाइनला लावायचेत.