बिघाडातून जन्मलेला नाद

गिटारचा स्वर निर्मळ असावा, हीच दीर्घकाळ वादकांची व ध्वनिमुद्रकांची धडपड होती. १९६०च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बास गिटारचा स्वर घोगरा, फाटका उमटला. तो तसाच राहू दिला गेला. १९६१ साली ते गीत लोकप्रिय झाले.

ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या साह्याने मुद्दाम घडवला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने ते पेडल बाजारात आणले. पायाने कळ दाबावी आणि स्वर पालटावा! प्रारंभी मात्र त्याला गिऱ्हाईक लाभेना. १९६५ साली 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले, तेही पुढे तेथे फुंकवाद्ये भरावीत, एवढ्याच हेतूने. ती जागा पेडलकडेच राहिली आणि दुकानांतील साठा संपला.

आज पेडल घेणाऱ्याने यातून काय घ्यावे? आम्हांस वाटते, किंमत व नाव यांआधी कानाला विचारावे. आपल्याच गिटारवर, आपल्याच ॲम्प्लिफायरवर ते ऐकून पाहावे. फझ गिटारलगत जोडावे, प्रतिध्वनीचे पेडल त्यानंतर. उलट केल्यास प्रतिध्वनी एकमेकांत कालवले जातात. नॅशव्हिलला नवे यंत्र नंतर आले. तो स्वर राखण्याजोगा आहे, हे कानांनी आधी ओळखले होते.