विक्रमी हंगामांचा हिशेब : आठ सामने आणि नऊ धावा

बेळगाव-निपाणी परिसरात हिवाळा सुरू झाला की टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना रंग चढतो आणि षटकारांची मोजदाद सुरू होते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये हीच मोजदाद ‘होमरन’च्या नावाने शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. फलंदाजाने मारलेला चेंडू हद्दीच्या आत राहून मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की होमरन होतो. फलंदाज चारही बेसना वळसा घालून परत येतो. त्या वेळी बेसवर थांबलेले सहकारीही धाव पूर्ण करतात. त्यामुळे एका फटक्यात एक ते चार धावा मिळतात. एका हंगामात सर्वाधिक होमरन कोणी केले, हा त्या खेळातील सर्वांत प्रतिष्ठेचा विक्रम मानला जातो.

बेब रूथ या फलंदाजाने १९१९ मध्ये २९, १९२० मध्ये ५४ आणि १९२१ मध्ये ५९ होमरन केले. १९२७ मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना त्याने ६० चा टप्पा गाठला. त्या काळी एका संघाच्या वाट्याला हंगामात १५४ सामने येत. १९६१ मध्ये रूथच्या लीगमध्ये ही संख्या १६२ झाली आणि त्याच वर्षी यँकीजच्याच रॉजर मॅरिसने हंगामाच्या शेवटच्या सामन्यात ६१ वा होमरन मारला. १५४ सामन्यांअखेर त्याच्या नावावर ५९ होमरन होते. हंगाम चालू असतानाच बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी निर्णय दिला होता, की १५४ सामन्यांनंतर झालेला विक्रम वेगळा नोंदवावा. हा भेद १९९१ मध्ये अधिकृतपणे काढून टाकण्यात आला. मॅरिसचे निधन त्यापूर्वीच, १९८५ मध्ये झाले होते.

पुढे १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० आणि २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ होमरन केले. या वेळी वाद सामन्यांच्या संख्येचा नव्हता, उत्तेजक द्रव्यांचा होता. मॅग्वायरने २०१० मध्ये त्यांच्या सेवनाची कबुली दिली. बाँड्सचा आकडा आजही नोंदवहीत सर्वोच्च आहे. तथापि २०२२ मध्ये अ‍ॅरन जजने ६२ होमरन करून अमेरिकन लीगमधील मॅरिसचा विक्रम मोडला, तेव्हा त्यालाच खरा विक्रमवीर मानणारे चाहते पुष्कळ होते.

सामन्यांच्या संख्येचा हा प्रश्न आपल्या रणजी करंडकातही आहे. १९४४-४५ च्या हंगामात मुंबईच्या रुसी मोदी यांनी अवघ्या पाच सामन्यांत १००८ धावा केल्या. रणजीच्या एका हंगामात हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले फलंदाज. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीची होती. संघ हरला की फलंदाजाचा हंगामही संपे. हा विक्रम १९८८-८९ पर्यंत टिकला. आज तो व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्या नावावर आहे : १९९९-२००० मध्ये नऊ सामन्यांत १४१५ धावा. बेरजेत लक्ष्मण पुढे आहेत. दर सामन्यामागे धावा मोजल्या, तर मोदींच्या सुमारे २०२ आणि लक्ष्मण यांच्या १५७ भरतात.

गोलंदाजीतही हेच दिसते. बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये ६८ बळी घेऊन मोडला; परंतु ते बळी नव्याने दाखल झालेल्या संघांच्या गटात मिळाले होते. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने दहा सामन्यांत ६९ बळी घेतले. त्याला अमनपेक्षा दोन सामने अधिक मिळाले. मात्र त्याचे प्रतिस्पर्धी वरच्या गटातील होते.

वाढीव सामन्यांनी मॅरिसला विक्रम दिला. त्याच्या नेमके उलट उदाहरण निपाणीच्या शेजारी, कोल्हापुरात आहे. १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळत होते. त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या, तेव्हा महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील तेव्हाचा सर्वोच्च वैयक्तिक धावांचा विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा होता. बरोबरी साधायला नऊ धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. फलंदाज बाद झाला नाही, डावही घोषित झाला नाही. तरीही संधी संपली.

प्रथम श्रेणी सामन्यांत भारतीय फलंदाजाने केलेली ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. निंबाळकर यांना मात्र एकही अधिकृत कसोटी सामना खेळता आला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

मॅरिसला मिळालेले आठ सामने आणि निंबाळकर यांच्याकडून हिरावलेल्या नऊ धावा आकड्यांच्या रकान्यात दिसत नाहीत. म्हणून कोणताही विक्रम वाचताना किती सामने, कोणते प्रतिस्पर्धी आणि कोणते नियम, ही तीन उत्तरे आकड्यासोबत पाहावीत. त्याने मोठा आकडा लहान होत नाही; परंतु ज्यांचा आकडा अपुरा राहिला, त्यांच्या वाट्याचा न्याय तरी त्यांना मिळतो.