पैसे कापले, पण तिकीट आलं नाही? डेटाबेसमध्ये नोंद कशी होते, समजून घ्या

तिकीट बुक करताना पैसे कापले जातात, पण तिकीट येत नाही. असा घोळ होण्याचं एक कारण डेटाबेसमधली अर्धवट नोंद असू शकतं. ही नोंद नेमकी होते कशी?

इन्सर्ट म्हणजे काय?

डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत साठवलेली असते. टेबलमध्ये नवी ओळ, म्हणजे 'रो' टाकण्यासाठी एसक्यूएलमध्ये 'इन्सर्ट इन्टू' ही कमांड आहे. टेबलचं नाव, कॉलमची नावं आणि 'व्हॅल्यूज' या शब्दानंतर भरायची माहिती, एवढंच त्यात लागतं.

मग पीएल/एसक्यूएल कशासाठी?

'सीट शिल्लक असेल तरच नोंद कर' अशा अटी, लूप आणि चुका हाताळण्यासाठी नुसती एसक्यूएल पुरत नाही. त्यासाठी ओरॅकलने १९८८मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत पीएल/एसक्यूएल आणली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये टी-एसक्यूएल हेच काम करते.

पीएल/एसक्यूएलचा ब्लॉक असा असतो:

- डिक्लेअर: व्हेरिएबल्स इथे ठरतात.
- बिगिन: इन्सर्टसारखं मुख्य काम इथे होतं.
- एक्सेप्शन: चूक झाली तर काय करायचं, ते इथे लिहितात.
- एंड: ब्लॉक संपतो.

घोळ कुठे होतो?

समजा, पेमेंटची नोंद झाली, पण तिकिटाची नोंद करताना एरर आली. प्रोग्रामरने एक्सेप्शनमध्ये 'काहीच करू नकोस' असं लिहिलं असेल, तर एरर गिळली जाते. पेमेंटची नोंद मात्र तशीच राहते आणि पुढे 'कमिट' झालं की कायमची होते. म्हणून तिथे 'रोलबॅक' करून दोन्ही नोंदी मागे घ्यायच्या आणि एरर पुन्हा वर पाठवायची. दोन्ही नोंदी होतील किंवा एकही नाही, हाच ट्रान्झॅक्शनचा नियम.

लाखभर ओळी टाकायच्या असतील तर?

लूपमध्ये एकेक इन्सर्ट केला, तर पीएल/एसक्यूएल आणि एसक्यूएल या दोन इंजिनांमध्ये प्रत्येक ओळीसाठी फेरी होते आणि वेग मंदावतो. 'फॉरऑल' वापरलं की अनेक ओळींची माहिती एकगठ्ठा जाते. माहिती आधीच दुसऱ्या टेबलमध्ये असेल, तर लूपची गरजच नाही. 'इन्सर्ट'ला 'सिलेक्ट' जोडलं की एकाच कमांडमध्ये काम होतं.