आल्प्समधलं कंदाहार

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचं गाव आहे. तिथल्या ज्या उतरणीवर स्कीच्या विश्वचषकाच्या शर्यती होतात, तिचं नाव कंदाहार. इटलीतल्या सेस्त्रिएरेच्या मुख्य उतरणीच्या नावातही कंदाहार आहे. स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन या चिमुकल्या गावात 1924 साली स्थापन झालेला क्लब कंदाहार नावाचा. दोन पिढ्यांनी जिच्यात बूट अडकवून स्की शिकली ती बाइंडिंगही कंदाहार बाइंडिंग. मराठी वाचकाला हे नाव ऐकून गांधारी आठवेल किंवा 1999 सालचं विमान-अपहरण. बर्फावरची सुट्टी काही आठवणार नाही. तरीही या सुट्टीचं कूळ शोधायचं तर ते याच नावापासून शोधावं, असं मला वाटतं. डोंगरावर आठ-पंधरा दिवस जायचं, वर चढायचं ते खाली घसरत येण्यासाठी, आणि संध्याकाळी हॉटेलात परतायचं, हा प्रकार डोंगरात राहणाऱ्यांनी निर्माण केला नाही. तो पाहुण्यांनी, आपल्या रजेच्या मापाने घडवला. कंदाहार ही त्या पाहुण्यांनी उमटवलेली मोहर आहे.

सर्वमान्य इतिहास थोडक्यात असा. बर्फावर चालायला लाकडी फळ्या पायाला बांधणं उत्तर युरोप-आशियात हजारो वर्षं जुनं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नुरहाइमने टाच धरून ठेवणारे बंध वापरून वळणं घेता येतात हे दाखवलं. 1888 मध्ये फ्रित्यॉफ नान्सेन स्कीवरून ग्रीनलँड ओलांडून गेला आणि त्याच्या पुस्तकामुळे मध्य युरोपात स्कीचं वेड पसरलं. ऑस्ट्रियात मथियास झ्डार्स्कीने तीव्र उतारांसाठी वेगळं तंत्र बसवलं. खुर्च्यांची लिफ्ट 1936 मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीत आली. स्नोबोर्डचा पूर्वज असलेला ‘स्नर्फर’ 1965 मध्ये मिशिगनमध्ये जन्मला, आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत त्या लेकराने मोठ्यांच्या पंक्तीत जागा मिळवली. या साखळीत कंदाहार कुठेच बसत नाही. म्हणूनच ते महत्त्वाचं.

27 जुलै 1880 रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद इथे अफगाण सेनानी अयूब खानाच्या फौजेने ब्रिटिश ब्रिगेडचा दणदणीत पराभव केला. ब्रिगेड बहुतांशी मुंबई इलाख्याच्या सैन्यातली होती: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, तिसावी म्हणजे जेकब्स रायफल्स, तिसरं बॉम्बे लाइट कॅव्हलरी, आणि मुंबई सॅपर्सची तुकडी, ज्या दलाचं ठाणं आज पुण्याजवळ खडकीला आहे. जवळजवळ हजार माणसं पडली आणि उरलेली कंदाहारच्या तटाआड कोंडली गेली. त्यांना सोडवायला काबूलहून जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स सुमारे दहा हजार सैन्य घेऊन निघाले. ऑगस्टच्या उन्हात पाचशे किलोमीटरची ही दौड तीन आठवड्यांच्या आसपास पुरी झाली आणि 1 सप्टेंबरला अयूब खान हरला. ब्रिटनमध्ये या कूचाचे पोवाडे झाले म्हटलं तरी चालेल. रॉबर्ट्स मूळचे आपल्याकडचेच, 1832 मध्ये कानपूरला जन्मलेले. पुढे 1892 मध्ये त्यांना उमरावपद मिळालं तेव्हा पदवीत कंदाहार आलं: लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार. या ठिकाणापर्यंत कथेत बर्फाचा कणही नाही.

बर्फ आणलं ते लन बाप-लेकांनी. हेन्री लन हे डॉक्टर आणि मेथडिस्ट मिशनरी म्हणून मद्रास इलाख्यात आले होते. त्यांचा मुलगा अर्नोल्ड 1888 मध्ये मद्रासलाच जन्मला. मायदेशी परतल्यावर हेन्री यांनी 1892 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी परिषद भरवली, आणि लोकांना तिथे नेण्या-आणण्याच्या खटपटीतून प्रवासी कंपनीचा धंदा उभा राहिला. पुढे त्यांनी ‘पब्लिक स्कूल्स आल्पाइन स्पोर्ट्स क्लब’ काढला. नामांकित शाळांचे माजी विद्यार्थी आणि लष्करी अधिकारी अशा मंडळींनाच त्यात प्रवेश. आख्खी हॉटेलं हिवाळ्यात या क्लबासाठी राखलेली असत. या क्लबासाठी लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाने एक करंडक ठेवला गेला आणि जानेवारी 1911 च्या पहिल्या आठवड्यात स्वित्झर्लंडच्या माँताना इथे अर्नोल्डने त्यासाठी शर्यत भरवली. दहा स्पर्धक आदल्या दिवशी चढून डोंगरावरच्या झोपडीत मुक्कामाला राहिले. सकाळी प्लेन मोर्तच्या हिमनदीवरून निघून थेट माँताना गावापर्यंत खाली आले. विजेत्या सेसिल हॉपकिन्सनला 61 मिनिटं लागली. शिस्तशीर वळणांचे गुण नाहीत, उडीच्या अंतराचे गुण नाहीत. वरून निघा, खाली पोचा, घड्याळ काय सांगतं तेवढंच खरं. आजच्या डाउनहिल शर्यतीचा साचा हाच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. करंडकाला कुणातरी बड्या आश्रयदात्याचं नाव असतंच, त्यात एवढं काय? नाव करंडकापुरतं राहिलं असतं तर मी तो मान्य केला असता. पण ते राहिलं नाही. करंडकावरून म्युरेनच्या क्लबाचं नाव पडलं. 1928 मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट आन्टोनला, स्कीचे स्थानिक गुरू हानेस श्नायडर यांच्यासोबत अर्नोल्ड लनने आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. पुढे ती आळीपाळीने म्युरेन, शामोनी, सेस्त्रिएरे आणि गार्मिशलाही होऊ लागली आणि उतरणींना नाव देत गेली. 1930 च्या आसपास स्वित्झर्लंडच्या सांत-क्रोआ गावातल्या गीदो रूजने नवी बाइंडिंग बनवली. हे घराणं संगीतपेट्यांसाठी प्रसिद्ध. स्प्रिंग आणि बारीक तारकाम त्यांच्या हातचं. बुटाच्या टाचेमागून जाणारी पोलादी तार पुढच्या खटक्याने ताणायची. चढताना ती मोकळी ठेवली की टाच उचलते, उतरताना बाजूच्या आकड्यांखाली अडकवली की टाच फळीला घट्ट. पडल्यावर ती सुटत नसे, त्यामुळे पाय मोडायचे. पण चढण्याचं आणि उतरण्याचं साधन एकच झालं. या वस्तूला नाव देताना तिच्या स्विस निर्मात्यालाही कंदाहारच सुचलं. एका सेनापतीच्या पदवीतला शब्द वीस वर्षांत ‘वेगाने खाली येणं’ याचं दुसरं नाव झाला होता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. उताराच्या शर्यती आधी होत्याच की! 1860 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात सोन्याच्या खाणीतले कामगार लांबलचक फळ्यांवरून सरळ खाली शर्यती लावत. झ्डार्स्कीने 19 मार्च 1905 रोजी लिलियनफेल्डजवळच्या मुकेनकोगेलवर फाटकांमधून उतरण्याची शर्यत घेतली, म्हणजे लनने 1922 मध्ये म्युरेनला स्लालोमची आधुनिक शर्यत घेण्याच्या सतरा वर्षं आधी. ऑस्ट्रियन अभ्यासक त्यामुळे स्लालोमचं पितृत्व झ्डार्स्कीला देतात. तंत्राचा विचार केला तर त्यांचं बरोबर आहे. माझा दावा तंत्राचा नाहीच, सुट्टीचा आहे. खाणी संपल्यावर खाणकामगारांच्या शर्यतीही संपल्या, त्यांच्यामागून हॉटेलं उभी राहिली नाहीत. झ्डार्स्कीचे शिष्य बहुतेक जवळपासचे. आता तारखा पाहा. झ्डार्स्कीची शर्यत मार्चमध्ये. ओस्लोजवळच्या होलमेनकोलेनचा स्की-मेळावाही बहुतेक वेळा हिवाळा उतरणीला लागल्यावर; तेव्हा दिवस मोठा आणि बर्फ भरवशाचं. इंग्रजांची माँतानाची शर्यत मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, स्लालोमही जानेवारीत. जानेवारीत आल्प्समध्ये दिवस आखूड आणि थंडी कडाक्याची. तो महिना निवडण्याचं कारण बर्फात नव्हतं, शाळा-विद्यापीठांच्या नाताळच्या सुट्टीत होतं. हीच मर्यादित सुट्टी खेळाच्या स्वरूपातही उतरली. नॉर्वेजियन माणूस सबंध हिवाळा स्कीवर असतो; त्याला मैलोन्‌मैल सपाटीवर चालणं कामाचंही आणि आवडीचंही. दोन आठवड्यांसाठी आलेल्याला त्या चालण्याचा काय उपयोग? त्याला त्या खेळातला सगळ्यात दाट घोट हवा असतो, आणि तो उताराला आहे. म्हणून आधी उतरणीची शर्यत, मग चढण्याचा वेळ वाचवणाऱ्या दोरीच्या आणि खुर्चीच्या लिफ्ट, असा क्रम लागला.

तिसरा प्रतिस्पर्धी सिद्धांत आरोग्यधामांचा. हिवाळ्यात आल्प्समध्ये जाण्याची रीत दावोसच्या क्षयरोग्यांनी पाडली, असं तो मांडतो. 1865 पासून अलेक्झांडर श्पेंगलर यांच्या उपचारांसाठी रोगी हिवाळ्यात तिथे राहू लागले, हॉटेलं बांधली गेली, रेल्वे आली. हे सगळं खरं, आणि हिवाळ्यात उघडी असणारी खोली ही या सुट्टीची पहिली गरज होती हेही खरं. पण रोगी गच्चीवर कांबळी पांघरून पडून राहत. उतरणीशी त्यांचा संबंध नव्हता. संबंध आला तो त्यांच्या सोबतच्या निरोगी नातलगांमार्फत, आणि त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव आर्थर कॉनन डॉयल. क्षयाने आजारी पत्नीला घेऊन ते दावोसला होते. मार्च 1894 मध्ये ब्रँगर बंधूंसोबत त्यांनी स्कीवरून खिंड ओलांडून आरोसा गाठलं, आणि त्याच डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्यावर लेख लिहून भाकीत केलं की एक दिवस शेकडो इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील. या डॉयल यांचा डॉ. वॉटसन 1887 च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेत कुठे जखमी होऊन आलेला आहे? मैवंदला. डॉयल यांच्यामुळे करंडकाला नाव मिळालं असं मी म्हणत नाही. तसा धागा नाही. पण ज्या इंग्रज मध्यमवर्गाने ‘स्ट्रँड’ वाचून बर्फाची तिकिटं काढली, त्याच्या डोक्यात मैवंद आणि कंदाहार घर करून होते, एवढं यातून निश्चित दिसतं. म्हणूनच ते नाव आल्प्समध्ये कुणाला परकं वाटलं नाही.

आता कंदाहार या शब्दाचं स्वतःचं कूळ. सर्वांत लोकप्रिय मत असं की अलेक्झांडरने अराकोसिया प्रांतात वसवलेल्या नगरीचं हे नाव: इस्कंदर, त्यातून कंदाहार. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. अलेक्झांडरच्या नावाची इतर शहरं पाहा. इजिप्तमधलं अरबीत इस्कंदरिया राहिलं, तुर्कस्तानातलं इस्केंदेरून झालं. आरंभीचा ‘इस्’ दोन्ही ठिकाणी टिकला, मग इथेच का गळावा, आणि मधला ‘ह’ कुठून यावा? दुसरं मत पार्थियन राजा गोंडोफरेसचं नाव पुढे करतं. ध्वनी जुळवायला तिथेही फार ओढाताण करावी लागते. तिसरं मत गांधारचं. त्यावर हरकत भूगोलाची: गांधार म्हणजे पेशावर-तक्षशिलेचा मुलूख, कंदाहारपासून शेकडो किलोमीटर दूर. परंतु अल्बेरुनीने वैहिंद या नगराला कंदाहारची राजधानी म्हटलं आहे, म्हणजे अरबी-फारसी लेखणीत गांधारचं रूप कंदाहारच होत होतं. शिवाय गांधारातून निघालेल्या लोकांनी बुद्धाचं भिक्षापात्र सोबत नेल्याची परंपरा आहे, आणि ते मानलं गेलेलं प्रचंड दगडी पात्र कंदाहारातच होतं. आता ते काबूलच्या संग्रहालयात आहे. माणसं निघाली, नाव बरोबर घेऊन गेली. (नांदेड जिल्ह्यातलं कंधार हे राष्ट्रकूटांचं कंधारपूर, या कुळाशी त्याचा संबंध जोडू नये.) माझा कौल गांधारला. मग या नावाने दोनदा स्थलांतर केलं असं होतं: एकदा भिक्षूंबरोबर नैर्ऋत्येला, एकदा रजेवरच्या साहेबांबरोबर आल्प्सला.

पाहुण्यांची मालकी किती पक्की होती याचा पुरावा 1938 मध्ये मिळाला. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, श्नायडर यांना अटक झाली आणि लनने सांक्ट आन्टोनची शर्यत रद्द केली. ऑस्ट्रियाच्या डोंगरावरची, ऑस्ट्रियन गुरूसोबत सुरू केलेली शर्यत एका मद्रासमध्ये जन्मलेल्या इंग्रजाच्या शब्दावर थांबली. हेच पाहुणे भारतातही होते: गुलमर्गला 1927 मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला तो ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. आज पुण्या-मुंबईहून जाणारे पर्यटक गुलमर्गच्या गोंडोलाने अफारवटच्या खांद्यावर चढून खाली येतात, तेव्हा त्याच रजेच्या वेळापत्रकाचा वारसा वापरत असतात. या वारशाच्या इतिहासात रॉबर्ट्स यांचं नाव प्रत्येक पुस्तकात येतं. ज्यांना सोडवायला ते कंदाहारला गेले, त्या मैवंदच्या मुंबईकर पलटणींचं येत नाही. ते यायला हवं.